विनाथांबा

बायकोचा फोन या वेळी लॅबच्या लॉकरमध्ये असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर रक्ताचे नमुने, हातात मोजे, तोंडावर मास्क, आत फोन न्यायला बंदी. म्हणून जे सुचेल ते तो तिला लिहून ठेवायचा आणि ती जेवणाच्या सुट्टीत सगळं एकदम वाचायची. आजही त्याने लिहायला घेतलं होतं, बाबांच्या गोळ्या संपत आल्यात, येताना आण. वाक्य पुरं व्हायच्या आत वर, तिच्या नावाखाली, ती हिरवी अक्षरं उमटली. टाइप करत आहे… त्याचा अंगठा जागीच थांबला. अक्षरं विझली. पुन्हा आली. पुन्हा विझली. मेसेज काही आला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग उगीचच खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या कुणी हे मनावर घेतलं नसतं. पण ही अक्षरं म्हणजे त्याचं पहिलं अपत्य. मेसेजिंग ॲप बनवणाऱ्या या कंपनीत तो लागला तेव्हा सगळ्यात किरकोळ काम म्हणून त्याच्या गळ्यात हेच मारलं होतं, आणि त्याने ते जीव ओतून केलं होतं. पलीकडच्या माणसाने एक अक्षर दाबलं की त्याचा फोन एक इवलासा इशारा सोडतो. काय दाबलं ते त्यात नसतं, दाबलं एवढंच असतं. बोट थांबलं की थोड्या वेळाने इशारा आपोआप मरतो. मजकूर मात्र कुलूपबंद. किल्ली फक्त दोन टोकांच्या फोनांत, मधल्या कंपनीच्या हाती नुसतं बंद पाकीट. नव्या पोरांना समजावताना तो म्हणायचा, दार लावलेलं आहे, आतलं बोलणं ऐकू येत नाही, पण आत कुणीतरी चालतंय एवढं कळतं. हे सांगताना त्याला नेहमी थोडा अभिमान वाटायचा. आज पहिल्यांदाच तो स्वतः दाराच्या बाहेर उभा होता, आणि आतली चाल त्याच्या बायकोची नव्हती. ती लिहायची तडातडा, एका दमात, चुका तशाच ठेवून. हे कुणीतरी एक अक्षर दाबत होतं, थांबत होतं, विचार करत होतं. इतक्या सावकाश त्याला कधी कुणी काही लिहिलं नव्हतं.

त्याने लॅबमध्ये फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम आत आहेत, मोजे घालून. अर्जंट आहे का?"

"नाही नाही. सहज."

सहज या शब्दावर जगात कुणाचा विश्वास बसत नाही. त्या मुलीचाही बसला नसणार. फोन ठेवून तो खुर्चीत मागे रेलला आणि शक्यता मांडू लागला, कारण त्याला तेवढंच येत होतं. कुणी लॉकर उघडलं असेल? मग मजकूर नवऱ्याला कशाला लिहील? मुलगी खोटं बोलत असेल? तिला काय पडलंय? उरली तिसरी शक्यता, आणि ती त्याच्याच घरची होती. खातं एकाचं, पण दुसऱ्या यंत्राला जोडलेलं. फोन लॉकरमध्ये पडून राहो नाहीतर विहिरीत, जोडलेलं यंत्र आपलं काम करत राहतं. ही सोय लोकांना दिली तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजल्या होत्या. म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, त्याच्या बायकोचं अख्खं खातं उघडं होतं. तिनेच उघडून दिलेलं. तिच्या संमतीशिवाय ते जोडताच येत नाही, हीही व्यवस्था त्यांच्याच टीमची. आणि तो जो कुणी होता, तो नवऱ्याला काहीतरी लिहून पुसत होता. काय लिहीत असेल? तुमची बायको… इथपर्यंत वाक्य आलं की त्याच्या डोक्यात ते दहा प्रकारांनी पुरं व्हायचं आणि दहाही प्रकार वाईट. कंपनीच्या आतल्या पडद्यावर तिच्या खात्याला किती यंत्रं जोडलीत हे दिसलं असतं. त्याने तो पडदा उघडला. हे खातं का पाहायचं, असं विचारणारी चौकट पुढे आली. त्याने लिहिलं, ग्राहकाची तक्रार. मग पुसलं आणि पडदा बंद केला.

संध्याकाळी घरी शिरताना त्याला वाटलं, आपण आज हे घर निरखून पाहतोय. बाबा खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर पांघरूण. त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी पिशवी आवरत होत्या. तो दिसताच त्यांचा हात पांघरुणावरून झर्रकन फिरला, चुणी नसताना चुणी मोडावी तसा.

"आज लवकर, दादा?"

"का? येऊ नको?"

"तसं नाही हो," मावशी हसल्या, आणि बाबांकडे बघून हसल्या. बाबांच्या चेहऱ्याचा चांगला अर्धा भागही जरा हलला. हे दोघं कशावर हसतात? पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांना सगळं समजायचं, पण शब्द येत नसत. आले तर भलतेच यायचे, खुर्चीला पाऊस म्हणायचे आणि मग स्वतःच्याच तोंडावर चिडायचे. ज्या माणसाचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला, त्याचं हे असं व्हावं. बाबा बसस्थानकावर निवेदक होते. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे त्यांनी म्हटलं की रडणारी पोरंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. लहानपणी तो शाळा सुटल्यावर त्यांच्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचा. बाबा ओठ हलवत मनात अख्खं वाक्य जुळवायचे, फलाट, गाव, वेळ, सगळं जागच्या जागी, आणि मगच माइकचं बटण दाबायचे. मध्ये तो काही बोलायला गेला तर बोट वर. "अर्धं वाक्य हवेत सोडायचं नाही. माणसं चुकीच्या गाडीत बसतात." घरी मात्र ते फारसं बोलत नसत, जणू सगळे शब्द स्थानकावरच संपायचे. उलट त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड, समोरच्याचं बोलणं निम्म्यावर तोडून पुढे पळणारा. बाबांनी त्याचं नावच ठेवलं होतं, विनाथांबा. मधल्या कुठल्याच गावाला न थांबणारी गाडी. पाहुण्यांसमोर हाक मारायचे, "अरे विनाथांबा, पाणी आण." सगळे हसायचे. त्यालाही तेव्हा त्यात कौतुकच वाटायचं.

जेवताना त्याने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आज सकाळी मला काही लिहीत होतीस का?"

"मी? माझा फोन लॉकरमध्ये असतो. तूच तिथे रोज भाषणं लिहून ठेवतोस." बोलता बोलता तिने बाबांकडे पाहिलं. अगदी पापणी लवेपर्यंत. बाबांनी वाटीत नजर घातली.

"नाही, मला वाटलं."

"काय वाटलं?"

"काही नाही."

त्या एका नजरेवर तो पुढचे कितीतरी दिवस जगला. कामावर तिच्या मेसेजांची खिडकी उघडी ठेवून बसायचा. साधारण त्याच सुमारास अक्षरं यायची, उमटायची, विझायची, कधी बराच वेळ गायब आणि पुन्हा एकदाच. मेसेज कधीच नाही. त्याचं सध्याचं काम होतं तयार उत्तरांचं. कुणी काही लिहून पाठवलं की उत्तरादाखल तीन शब्द आधीच खाली हजर, लिहिताना पुढचे तीन शब्द वर हजर. माणसाने फक्त बोट टेकवायचं. मीटिंगमध्ये तो सांगायचा की लोक काय म्हणणार हे आपल्याला बहुतेक वेळा आधीच कळतं, आणि सगळे माना डोलवायचे. आणि इथे त्याच्याच बायकोच्या नावाआडून कुणीतरी रोज काहीतरी म्हणू पाहत होतं आणि त्याला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. त्याला राग यायचा. मग रागाखालचं जे होतं ते वर यायचं, आणि ती साधी भीती होती, की ती जाईल. तिला खोलीत फोनवर हळू बोलताना त्याने पूर्वी शंभरदा ऐकलं असेल, पण आता तो दाराशी उगीच रेंगाळायचा. ती मावशींशी स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि तो आला की भाजीबद्दल बोलायला लागायची. मावशीही सामील आहेत, त्याने ठरवून टाकलं. दिवसा घरात कुणी येत असेल तर बाबांना बोलता कुठे येतंय? मुका साक्षीदार बरा सापडला, असं त्याच्या मनात आलं. स्वतःच्या बापाबद्दल आपण काय विचार केला हे लक्षात यायला त्याला जरा वेळ लागला.

मग एका सकाळी ती अंघोळीला गेली आणि फोन टेबलावर राहिला. पिन त्याला माहीत होता, तिने कधी लपवला नव्हता. त्याने मेसेज वाचले नाहीत. तेवढा आपण सभ्य आहोत, असं त्याचं मत होतं. त्याने फक्त जोडलेल्या यंत्रांचं पान उघडलं. एक टॅब. शेवटचा वापर, काल. त्यांच्या घरात टॅब नव्हता. आत पाणी पडण्याचा आवाज येत होता, ती काहीतरी गुणगुणत होती, आणि त्या गुणगुणण्याने त्याचं डोकंच फिरलं. त्याने 'लॉग आउट' दाबलं. फोनने विचारलं, 'या यंत्रावरचे सर्व काही पुसले जाईल. पुढे जायचे?' वाक्य त्याचंच होतं. यंत्र तोडलं तर त्यावर कण उरता कामा नये, हरवलेला फोन परक्याच्या हाती पडला तर काय, असं तो तेव्हा मीटिंगमध्ये तावातावाने बोलला होता आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. त्याने 'हो' दाबलं. फोन जागच्या जागी ठेवला. त्याला लाज वाटली नाही. बरं वाटलं, फार दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं, आणि तो दोन पोळ्या जास्त खाऊन ऑफिसला गेला.

त्या दिवशी अक्षरं आली नाहीत. तो तिच्या खिडकीकडे बघत बसला आणि मनात म्हणाला, आता कर टाइप. दुपारी मावशींचा फोन आला.

"दादा, जरा येता का? आजोबा ऐकत नाहीयेत. हात आपटतायत. ताईंचा फोन काही लागत नाही."

टॅक्सीत बसल्यावरही त्याला काही कळलं नव्हतं. जिना चढताना कानावर आवाज आला, लाकडावर काहीतरी आपटल्याचा, एका ठेक्यात. बाबा खुर्चीत होते. डावा हात, चालणारा एकमेव हात, ते खुर्चीच्या दांडीवर आपटत होते, बोटं लाल झाली होती. मांडीवर, पांघरुणाखालून अर्धा बाहेर आलेला, कोपऱ्याला तडा गेलेला जुना टॅब. पडद्यावर त्यांच्याच ॲपचं पहिलं पान, 'हे यंत्र जोडण्यासाठी फोनने कोड स्कॅन करा'. आपण कुणाचं यंत्र पुसलं ते त्याला तिथे, चपला न काढता, समजलं.

मावशी रडवेल्या झाल्या होत्या. "सकाळी उघडलं तर रोजचं पान नाहीच. आजोबांना वाटतंय, त्यांच्याच हातून भलतं काही दाबलं गेलं. ताईंनी बिचाऱ्यांनी लॅबमधल्या कुणाकडून तरी आणून दिलेली ही पाटी. तुम्हाला सांगायचं नव्हतं हो, लिहून पुरं होईपर्यंत."

"काय लिहून?"

"तुम्हालाच. थंडी होती तेव्हापासून चाललंय. एखादा शब्द ठेवायचा, दोन पुसायचे. पाठवायचं बटण काही दाबेनात. मी म्हणायची, आजोबा, सोडा आता. तर बोट वर."

"तुम्ही वाचलं असेल ना? काय होतं?"

"नाही हो दादा. मला तिकडे तोंड करून बसवायचे."

न पाठवलेला मजकूर लिहिणाऱ्याच्याच यंत्रावर राहतो. कंपनीकडे जात नाही, फोनवर जात नाही, कुठल्या साठवणीत जात नाही. खिसे पुन्हा पुन्हा चाचपावेत तसा तो आपल्या सगळ्या यंत्रणेतून फिरून आला आणि प्रत्येक दार त्याने स्वतःच्या हाताने नीट लावलेलं होतं. थंडीपासून. आता पंखा लागला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि बाबांचा हात धरून म्हणाला, "बाबा, ॲपमध्ये बिघाड झालाय. होतं असं कधीकधी." बाबांनी मान हलवली. नाही. हात सोडवून घेतला, डाव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं, याने केलं, आणि पुन्हा दांडीवर आपटलं. त्यांचा तो समज तसाच राहिला असता तर चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात पूर्ण, व्यवस्थित वाक्यात आला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"मारू नका हाताला. मी पुसलं."

हात थांबला.

"हिचा फोन उघडून मी पुसलं. मला वाटलं, हिचं दुसरं कुणी आहे."

मावशी तोंडाला पदर लावून आत गेल्या. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या घशातून एक आवाज आला, हसू होतं की दुसरं काही, अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येईना. मग त्यांनी टॅब उचलून त्याच्या हातात दिला, परत केल्यासारखा, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

ती आली तेव्हा त्याने तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली, हाताला मोज्यांच्या पावडरीचा वास तसाच.

"कोण वाटलं तुला?"

"कुणी नाही. म्हणजे, चेहरा नव्हता."

"बरं झालं. चेहरा तरी नव्हता." तिने नळाखाली हात धरले. "माझ्याच खात्याला जोडलं, कारण त्यांच्याकडे तो साधा बटणांचा फोन. माझे सगळे मेसेज त्यांच्यासमोर उघडे होते. आईशी तुझ्याबद्दल कुरकुरते तेसुद्धा. मला एकदाही भीती वाटली नाही."

"मला सांगायचंस तरी."

"त्यांना नको होतं. का ते ठाऊक आहे? ते 'पा' म्हणाले की तू पाणी, पाय, पांघरूण, सगळं ओतून मोकळा होतोस. ते तोंड मिटतात आणि तुला वाटतं मदत झाली. तो चित्रांचा तक्ता आणलास, तहान लागली तर पेल्यावर बोट ठेवा. पालथा घातला त्यांनी तो. वर तुमचे ते तीन शब्द येतात ना आयते, एकदाही दाबले नाहीत त्यांनी. एकदा चुकून बोट लागलं तर संध्याकाळपर्यंत रुसले होते."

"मी आता—"

"बघ," ती म्हणाली, "माझंही संपलं नव्हतं."

त्याने तोंड मिटलं. ती पुढे काही बोललीच नाही. तेवढ्यावरच तिने पातेलं गॅसवर ठेवलं. रात्री तिने आपला फोन टॅबसमोर धरून तो पुन्हा जोडला. रिकामी चौकट उघडली. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही.

पुढे घरात सगळं सुरळीत होतं, म्हणजे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. ती आता फोन अंघोळीला जाताना आत घेऊन जायची. पिन बदलला की नाही, हे त्याने पाहिलं नाही. पाहायची इच्छा झाली नाही असं मात्र नाही. टॅब बाबांच्या उशाशी पडून असायचा, त्यावर मावशी औषधांची डबी ठेवायच्या. तो बाबांसमोर बसायचा, गप्प राहायचा सराव करायचा. गप्प राहिलं की डोक्यात आणखीच शब्द गोळा व्हायचे. काय लिहिलं असेल त्यांनी? माफी? तक्रार? स्थानकावरच्या काचेच्या खोलीतलं काही? मला इथे ठेवू नकोस? की नुसतं, अरे विनाथांबा, थांब जरा? प्रत्येक तर्क खरा वाटायचा आणि प्रत्येक तर्क त्याचा स्वतःचाच होता.

मग एका सकाळी मीटिंग चालू असताना, त्याच्याच तयार उत्तरांचे आकडे भिंतीवर चढत असताना, टेबलावरच्या फोनवर तिच्या नावाखाली हिरवी अक्षरं उमटली. तीच चाल. एक अक्षर, विसावा, एक अक्षर. विझली. उमटली. कुणीतरी त्याला काही विचारत होतं आणि तो फोनकडे बघत होता. मग, पहिल्यांदाच, मेसेज आला.

कृपया

एवढंच. पुढे काही नाही. अर्धं वाक्य. अख्ख्या गावाला ज्याने कधी अर्धं वाक्य ऐकवलं नाही, त्याने मुलाला अर्धं वाक्य पाठवलं होतं. का? चौकटीत ठेवलं तर पुसलं जातं, हे कळलं म्हणून? हाती येईल तो शब्द लगेच बाहेर काढायचा, या पोराचा नेम नाही, म्हणून? की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर सोडलं होतं, बघू, उरलेल्यासाठी थांबतोस का? हा अविश्वास होता की विश्वास, त्याला ठरवता येईना. कृपया लक्ष द्यावे. कृपया क्षमा. कृपया मला. वाक्यं आपोआप येऊन उभी राहत होती, एकेक करून तो ती मागे सारत होता. त्या शब्दाच्या खाली त्याचीच तीन उत्तरं तत्परतेने हजर झाली होती. 'ठीक आहे.' 'हो, नक्की.' 'काय झालं?'

"पुढे काय?" भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

वर अक्षरं पुन्हा उमटली होती. टाइप करत आहे… त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले, मांडीवर ठेवले, आणि बसून राहिला.